संख्यांच्या टप्प्यांची हद्द

पाटण खोऱ्यांतील पावसाचा आकडा आपण संकेतस्थळावर वाचतों. तो कोणत्या टप्प्यांत पडतो, हें ठरविणाऱ्या आज्ञावलीचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

भारतीय हवामान विभाग चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसास मुसळधार, ११५.६ ते २०४.४ पर्यंतच्या पावसास अति मुसळधार व त्यावरील पावसास अत्यंत मुसळधार म्हणतो. आतां समजा, पाटणास ११५.५ व कोयनानगरास ११५.६ मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी ११५.५५ आली. हा आकडा कोणत्याच टप्प्यांत बसत नाहीं, आणि आज्ञावली मुकी राहते! जुलै २०२१ मध्यें आपल्या तालुक्यांतील आंबेघर व मिरगांव येथें दरडी कोसळून माणसें दगावलीं. तें स्मरतां हें मौन क्षुल्लक म्हणवत नाहीं.

उपाय सोपा आहे. टप्प्याची खालची हद्द आंत धरावी, वरची बाहेर ठेवावी: ६४.५ पासून ११५.६ च्या अलीकडे, ११५.६ पासून २०४.५ च्या अलीकडे. मग शेजारच्या शेतांप्रमाणें टप्पे एकमेकांस भिडतात. मध्यें फट राहत नाहीं. पूर्णांकांसाठीं हीच रीत डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ सालीं पुरस्कारिली.

प्रत्येक पानासाठीं हा नियम नव्यानें लिहिल्यास कोठें तरी चूक होणारच. म्हणून तो एकदांच लिहून, पारखून, सामाईक लायब्ररींत ठेवावा. सर्व पानांनीं तेथूनच घ्यावा. विद्यार्थिमित्रांनीं पारखतांना हद्दीवरचे आकडे अवश्य घ्यावे. चूक बहुधा तेथेंच दडलेली असते.