हरिश्चंद्र जाड का झाला?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, रंकाळ्यावर जायची सोय नाही, म्हणून हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये कोणीतरी पेनड्राइव्हवरून 'अयोध्येचा राजा' लावला. १९३२ साली आलेला हा पहिला मराठी बोलपट आपल्या कोल्हापुरात, प्रभात फिल्म कंपनीने बनवला, हे अर्ध्या मुलांना त्या दिवशीच कळलं. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबे आणि तारामती म्हणजे दुर्गाबाई खोटे.

कथा सगळ्यांना पाठ. राजा राज्य दान करतो, बायको-मुलासकट रस्त्यावर येतो. पण पडद्यावर काहीतरी भलतंच! सर्वस्व गेलेला राजा प्रत्येक सीनमध्ये चांगला गरगरीत दिसत होता. मागून एकजण ओरडला, "भावा, महाराजांना आपली मेस लावा, आठ दिवसांत बारीक होतील!"

मी रिमोट घेतला आणि पिक्चर साइझ 'वाइड' होती ती ४:३ केली. राजा लगेच बारीक झाला, पण डाव्या-उजव्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या आल्या. त्यावर असा काही गोंधळ झाला की विचारू नका. "पट्ट्या काढ! एवढा मोठा टीव्ही काय काळोख बघायला घेतलाय?" शेवटी मतदान झालं आणि जाड हरिश्चंद्र प्रचंड बहुमताने निवडून आला. रात्री रूमवर जुना प्लेस्टेशन गेम लावला, तर रूम पार्टनरशी पुन्हा तेच भांडण. त्या भांडणातून हा लेख जन्माला आला आहे.

थोडं गणित (घाबरू नका, एम-थ्री नाही)

चित्राची रुंदी भागिले उंची म्हणजे आस्पेक्ट रेशो. मूकपटांची चौकट साधारण ४:३ होती. बोलपट आले तेव्हा फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी बसवावी लागली, चौकटीचा आकार बिघडला, आणि १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकॅडमीने १.३७:१ हे माप ठरवलं. टीव्हीनेही ४:३ च उचललं. त्यामुळे पहिलं प्लेस्टेशन (१९९४), प्लेस्टेशन २ (२०००) आणि गेमक्यूब (२००१) यांचे बहुतेक गेम्स ४:३ टीव्हीसाठीच बनले. आपले आजचे मॉनिटर मात्र १६:९.

आता गंमत बघा. ४/३ चा वर्ग केला तर १६/९ येतो! म्हणून या विषयातलं जवळजवळ सगळं गणित ४/३ आणि ३/४ या दोन आकड्यांत संपतं. जुनं चित्र नव्या पडद्यावर बसवायचे चार मार्ग आहेत.

१. पट्ट्या ठेवणे. चित्र जसंच्या तसं, पडद्याचा पाव भाग काळा.

२. ताणणे. रुंदी ४/३ पट होते, म्हणजे ३३ टक्के जास्त. आपला हरिश्चंद्र.

३. कापणे. रुंदी पडद्याएवढी करून वरचं-खालचं छाटायचं. उंचीचा ३/४ भाग उरतो, म्हणजे २५ टक्के चित्र केराच्या टोपलीत. माणसं जाड दिसत नाहीत म्हणून चोरी लवकर लक्षात येत नाही.

४. उघडणे. डावी-उजवीकडचं आधी न दिसणारं जग खरोखर दाखवायचं. सिनेमात हे बहुधा शक्य नाही, कारण फिल्मवर ते उतरलेलंच नसतं. गेममध्ये कधी कधी शक्य आहे, कारण तिथे दृश्य दर क्षणी नव्याने काढलं जातं.

फूटपट्टीची परीक्षा

कुठला आजार झालाय हे कसं ओळखायचं? गेममधली एखादी गोल वस्तू शोधा. बाजूने दिसणारं गाडीचं चाक सगळ्यात उत्तम. पॉज करा आणि ड्रॉइंगची फूटपट्टी स्क्रीनवर लावा. माझ्या स्क्रीनवर चाक ४८ मिमी रुंद आणि ३६ मिमी उंच भरलं. ४८ भागिले ३६ म्हणजे १.३३. निदान झालं: चित्र ताणलेलं आहे. रुंदी आणि उंची सारखी आली तर आकार बरोबर. पण आकार बरोबर आणि पट्ट्याही नाहीत, असं असेल तर चित्र एक तर कापलंय नाहीतर उघडलंय. मग जुन्या ४:३ चित्राशी वरची आणि खालची कड ताडून बघा.

एक सावधगिरी. पिक्सेल मोजून आकार ठरवू नका. प्लेस्टेशन २ चे बरेच गेम्स ६४० बाय ४४८ पिक्सेलमध्ये चित्र काढतात. भागाकार केला तर १.४३ येतो, पण टीव्हीवर ते ४:३ मध्येच बसायचं. सुपर निन्टेंडोचं २५६ बाय २२४ तर १.१४ येतं, तरी टीव्हीवर रुंद दिसायचं. म्हणजे या मशीनचे पिक्सेल चौरस नव्हतेच. "ओरिजिनल पिक्सेल" म्हणून कोणी चौरस पिक्सेलवर गेम चालवला तर मारिओही उपाशी दिसतो.

रीमास्टरची भानगड

'रेसिडेंट इव्हिल' हा गेम २००२ मध्ये गेमक्यूबवर नव्याने आला. त्यातल्या वाड्याच्या खोल्या म्हणजे आधीच काढून ठेवलेली ४:३ चित्रं. कॅमेरा एका जागी आणि पात्रं हलणारी. २०१४-१५ मध्ये त्याचा एचडी रीमास्टर आला. १६:९ मध्ये तो खेळलात तर खोलीचं चित्र वरून-खालून कापलेलं असतं, आणि तुम्ही पुढे-मागे चालाल तसं ते वर-खाली सरकतं. ज्याने ती चौकट आखली त्याने अंधार कुठे आणि दार कुठे हे विचार करून ठेवलं होतं. ते एका नजरेत दिसावं हाच तर भीतीचा हिशोब!

न्यायाने सांगायचं तर त्याच रीमास्टरमध्ये ४:३ चा पर्यायही दिला आहे. म्हणून पहिलं औषध नेहमी गेमच्या मेन्यूमध्येच शोधावं. दुसरं औषध म्हणजे मूळ गेम डॉल्फिन या एम्युलेटरवर चालवणं. त्यात आस्पेक्ट रेशो 'फोर्स ४:३' ठेवायचा आणि इंटर्नल रेझोल्यूशन वाढवायचं. पात्रं धारदार दिसतात. खोल्या मात्र मूळचीच चित्रं असल्याने थोड्या पुसट राहतात. डॉल्फिनमध्ये वाइडस्क्रीन हॅकही आहे, पण इथे तो लावू नका. पात्रं उघडतील आणि खोली ताणली जाईल.

म्हणून नियम असा: पाठीमागे तयार चित्र असेल तर पट्ट्या. सगळं थ्री-डी मॉडेल असेल तरच उघडायचा विचार.

उघडायचं कसं?

आधी गेमच्या ऑप्शन्समध्ये वाइडस्क्रीन आहे का बघा. 'ग्रॅन तुरिस्मो ४' मध्ये ती सोय आहे. अशा वेळी गेम चित्र ३/४ पट दाबून पाठवतो आणि टीव्ही ते ४/३ पट ताणतो. गुणाकार १, चाक गोल. मी शहाणपणा करून गेममध्ये १६:९ केलं आणि पीसीएसएक्स२ एम्युलेटर ४:३ वरच ठेवला. चाक २७ बाय ३६! गाडी नव्हे, उभी भाकरी. दोन्ही ठिकाणी १६:९ केल्यावर जमलं.

गेममध्ये सोय नसेल तर पीसीएसएक्स२ चे वाइडस्क्रीन पॅचेस. ते काय करतात हे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांनाही समजेल. गेमच्या मेमरीत कुठेतरी आडव्या मापाचा गुणक असतो, बऱ्याचदा १.०. फ्लोटिंग पॉइंटमध्ये तो ३एफ८०-०००० असा लिहिलेला असतो. पॅच तिथे ०.७५, म्हणजे ३एफ४०-०००० लिहितो. झालं! दृश्य आडवं दबलं, बाजूला जागा झाली, तिथे नवं जग आलं, आणि एम्युलेटरने १६:९ ला ताणल्यावर सगळं पुन्हा गोल.

पण फुकट काही मिळत नाही. स्कोअर आणि लाइफचे आकडे बहुधा ताणलेलेच राहतात. कडेच्या वस्तू अचानक उगवतात, कारण गेमच्या मते ती जागा चौकटीबाहेर होती, म्हणून तो त्या काढतच नव्हता. कधी एखाद्या सीनमध्ये 'एंट्री' घ्यायची वाट बघत पात्र विंगेत उभं असलेलं दिसतं, गॅदरिंगच्या नाटकासारखं. मधले व्हिडिओ तर फिल्मच. त्यांच्यासाठी पीसीएसएक्स२ मध्ये वेगळं सेटिंग आहे, ते ४:३ ठेवा.

आणि हो, डिस्क स्वतःची हवी आणि प्लेस्टेशन २ चं बायोस आपल्याच मशीनमधून काढलेलं हवं. मी मामेभावाचा बंद पडायला आलेला सेट त्याच्याकडून रीतसर घेतला, दोन वडापावांच्या बदल्यात.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पट्ट्यांसाठी एवढी डोकेफोड? पण विचार करा. याच गावात बाबूराव पेंटर आणि आनंदराव यांनी स्वदेशी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि पुढे 'सैरंध्री' (१९२०) काढला. त्यांच्याच तालमीत शांताराम तयार झाले. या माणसांनी चौकटीत काय ठेवायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे ठरवण्यात आयुष्य घातलं. ती चौकट आपण रिमोटच्या एका बटणाने मोडतो आणि तिला 'फुल स्क्रीन' म्हणतो. उद्या जुन्या फिल्म्स आणि जुने गेम्स नव्या मशीनवर आणायचं काम आपल्यापैकीच कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे. तेव्हा पडदा भरला की नाही हे नंतर बघू, आधी चाक गोल आहे का ते बघू.

काळ्या पट्ट्या म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. भिंतीवरच्या फोटोभोवती भिंत असतेच की!

कॉमन रूममधलं पुढचं मतदान कधी होईल माहीत नाही. पण या वेळी मी नुसतं ओरडणार नाही. खिशात फूटपट्टी घेऊन जाणार आहे.