भाच्याच्या यादीवर मामाचे शेरे

अंबाजोगाई, चैत्र

 

भाच्याने पाठवलेली यादी पोचली. केजच्या नव्या घरातली पुढची खोली, तीत 65 इंची टीव्ही, पाच स्पीकर आणि एक सबवूफर मिळून 5.1चा संच, तो चालवायला एव्ही रिसीव्हर, आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात सोन्याचा मुलामा दिलेली केबल. यादी वाचून मामा खूश झाला, कारण नोकरी लागलेल्या पोराला ऐकण्या-पाहण्याचा नाद लागावा ही चांगलीच गोष्ट. थोडा धास्तावलाही, कारण यादीत खोलीची मापे कुठेच नव्हती. ती फोन करून बहिणीकडून घ्यावी लागली: 12 फूट लांब, 10 फूट रुंद, स्लॅब 10 फुटांवर. खाली चकचकीत फरशी, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, एक लोखंडी कपाट.

या खोलीत यादीतली कोणतीही वस्तू आणण्याआधी भाच्याने मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीमागून जो झिणझिणता आवाज रेंगाळेल, तोच उद्या प्रत्येक गाण्याला आणि प्रत्येक संवादाला चिकटणार आहे. स्पीकर लाखाचा असला तरी.

हे दुखणे जुने आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्राध्यापक काय बोलतात ते विद्यार्थ्यांना कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढचे पाच-सात शब्द त्यावर येऊन आदळत. हे निस्तरायचे काम वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण शिक्षकाकडे आले. त्याने ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेतले, शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणल्या, आणि उशा वाढवत नेल्या की घुमणे किती कमी होते ते मोजत बसला. पहाटे उशा पुन्हा जागेवर. खोलीतल्या ध्वनीचे आजचे सगळे गणित त्या उशांवर उभे आहे. तेच सूत्र भाच्याच्या रिकाम्या खोलीला लावले तर कागदावर जवळपास पावणेतीन सेकंद येतात. घरातल्या ऐकण्याला अर्धा सेकंद पुरे.

बीडकडच्या जुन्या माळवदांना हा त्रास फारसा नव्हता. खडबडीत मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचा थर, सारवलेली जमीन, कोपऱ्यात वाकळांची चळत. आवाजाला सरळ परत फिरायला गुळगुळीत जागाच मिळत नसे. स्लॅबच्या घराने उंदीर आणि गळती थांबवली, पण प्रत्येक खोली हौदासारखी घुमायला लागली. स्पीकरच्या माहितीपत्रकांतले आकडे बहुधा मुळीच न घुमणाऱ्या प्रयोगशाळेत मोजलेले असतात. केजची पुढची खोली त्यांनी पाहिलेली नाही.

यावर इलाज महाग नाही, आणि जिल्ह्याच्या शेतातच पिकतो. गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस घ्यावा. सुताराकडून दोन फूट बाय चार फुटांच्या, चार इंच खोल चौकटी करून घ्याव्यात. त्यांत कापूस भरून वरून मांजरपाट किंवा आवडीच्या रंगाचे खादीचे कापड ताणावे. प्लगपासून आणि देवाच्या दिव्यापासून त्या लांब ठेवाव्यात, कारण कापूस पेटायला वेळ लागत नाही. कुठे टांगायच्या ते आरसा सांगतो. भाच्याने बसायच्या जागी बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पहिली चौकट. खाली जाड सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट. एवढ्याने टाळी शहाणी होईल.

आता सबवूफर. यावर भाच्याचा जीव आहे हे मामाला ठाऊक आहे. पण खोलीची मापे पुन्हा पाहावीत: रुंदी 10 आणि उंचीही 10. ध्वनी सेकंदाला साधारण 1,130 फूट जातो. दहा फुटांच्या अंतरात जी लाट नेमकी अर्धी मावते ती 56 हर्ट्झची. भाच्याच्या खोलीत ती भिंतीभिंतींतही फुगणार आणि फरशी-स्लॅबमध्येही. लांबीमुळे 47च्या आसपास आणखी एक फुगवटा. म्हणजे ढोल वाजला की एकच सूर छातीवर बसणार आणि बाकीचा ढोल कुठे गेला ते कळणार नाही. त्यात वूफर कोपऱ्यात ठेवला तर सगळे फुगवटे एकदम जागे होतात. यावर जगभरचे शौकीन एक हास्यास्पद पण खात्रीचा उपाय करतात. वूफर स्वतःच्या बसण्याच्या जागी ठेवायचा, एखादी जाड सुरांची चीज लावायची आणि भिंतीकडेने रांगत फिरायचे. जिथे खालचा सूर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती वूफरची जागा. भाच्याने हे दार लावून करावे.

ताकदीबद्दल थोडेच. दुकानात खोक्यावर हजारांत छापलेल्या ‘पीएमपीओ’ वॅटना कसलेही ठरलेले मोजमाप नाही. मागच्या पट्टीवर आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट किती आणि यंत्र लाईट किती खेचते ते वाचावे. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट ताकद लागते. साधा बरा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 86-88 डेसिबल देतो, आणि 85 डेसिबल रोज आठ तास ऐकणे हीच कानांच्या दृष्टीने वरची मर्यादा धरतात. दहा बाय बाराच्या खोलीत शंभर वॅट लागतात कशाला? मिरवणुकीतल्या डीजेची सवय लागलेल्या कानाला सुरुवातीला सगळे फिके वाटेल. महिनाभर धीर धरावा. आणि कायद्याने निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे शेजारचे काका सांगण्याआधी भाच्याला माहीत असलेले बरे.

खरा खर्च विजेवर करावा. ज्या जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच जिल्ह्याने भारनियमनाच्या रात्री काढल्या. 2013च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले. आता पूर्वीइतकी लाईट जात नाही, पण गावातली डीपी ओझ्याखाली आली की व्होल्टेज पडते, आणि मोटारी बंद झाल्या की एकदम उसळते. 230 व्होल्टच्या वर-खाली दहा टक्के चालवून घेण्याची यंत्रांची तयारी असते, पुढचे नशीब. म्हणून चांगला स्टॅबिलायझर, प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टर, आणि सगळ्यात आधी घराला खरे अर्थिंग. स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण बऱ्याचदा अर्थिंगमुळे किंवा डिशच्या केबलमुळे असते, आणि लोक विनाकारण अॅम्प्लिफायर बदलतात. वैशाखात वळवाचे ढग दिसले की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत. रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश उष्णतेला निम्मे होते असा ढोबळ हिशेब आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडलेली असते. सोन्याच्या केबलचे पैसे या खात्यात वळवावेत. स्पीकरला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर बिनतक्रार चालते.

पडद्यासाठी दोन ओळी. भाचा पडद्यापासून सात-साडेसात फुटांवर बसणार. तेवढ्या अंतराला 55 इंच भरपूर. 65 इंच घ्यायचाच तर साडेआठ फूट मागे सरकावे लागेल, आणि तिथे बहिणीचे शिलाई मशीन आहे. मामाला यात पडायचे नाही.

काय टिकते आणि काय नाही, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. तिथल्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यातले रंगीत टीव्ही एकेकाळी देशभर गेले. ज्या भागात टीव्ही म्हणजे मुंबईहून आणायची वस्तू होती, तिथेच टीव्ही बनू लागला याचा अभिमान होता. तीच कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नावाला भुलून वस्तू घ्यावी असे नाव बाजारात कुठलेच नाही. दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारावे. स्पीकरचा कोन फाटला तर तो बदलून देणारा कारागीर सापडतो, आणि चांगला स्पीकर पंचवीस वर्षे सहज जातो. रिसीव्हरचे तसे नाही. एचडीएमआयची 2009ची आवृत्ती वेगळी, 2013ची वेगळी, 2017ची आणखी वेगळी, आणि दर वेळी जुने यंत्र मागे पडले. म्हणून मामाचा शेरा असा: यादीतला रिसीव्हर खोडावा, पाचांऐवजी दोनच स्पीकर घ्यावेत पण नीट, आणि दोन चॅनलचा साधा अॅम्प्लिफायर. बाकीचे तीन स्पीकर आणि रिसीव्हर पुढे कधीही येऊ शकतात.

आता दुकानात जाऊन ऐकायचे काय? ‘सैराट’चे संगीत न्यावे. 2016च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला, आणि आपण ते बहुतेक मोबाइलवर नाहीतर डीजेच्या भिंतीवर ऐकले. व्हायोलिनचा ताफा डावीकडून उजवीकडे कसा पसरला आहे ते दोन नीट ठेवलेल्या स्पीकरवर प्रथमच कळते. पण खरी परीक्षा त्याने होत नाही. मोठा वाद्यवृंद बऱ्याच चुका झाकतो. त्या उघड्या पाडतो तो एकट्या माणसाचा आवाज.

त्यासाठी जात्यावरच्या ओव्या लावाव्यात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बेर्नार बेल यांच्या साहाय्याने कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. 1996 साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली होती. तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या मुद्रित झाल्या, आणि आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या कोणालाही ऐकता येतात. स्टुडिओ नाही, वाद्ये नाहीत. बाईचा गळा साधारण 200 हर्ट्झच्या आसपास आणि शब्दांची धार दोन ते चार हजारांत, म्हणजे वूफरला इथे कामच नाही. ज्या स्पीकरवर प्रत्येक शब्द न ताणता कळेल, दुसरी बाई ओवी उचलते तो क्षण कळेल, आणि गाणारीच्या मागची मोकळी जागाही जाणवेल, तो घ्यावा. विक्रेता तोंड वाकडे करील. करू द्यावे. भाचा केजचा आहे, त्याला माजलगावची बोली ऐकताना कान बनवावा लागत नाही. परदेशी परीक्षणे लिहिणाऱ्याकडे ही सोय नाही.

यादीत नसलेली एक वस्तू मामा सुचवतो: कॅसेट संगणकात घेण्यासाठीचा लहान ऑडिओ इंटरफेस. आजीच्या ओव्यांच्या आणि घरच्या लग्नातल्या उखाण्यांच्या कॅसेट बहिणीच्या ट्रंकेत आहेत. ट्रंक माळ्यावर, माळा पत्र्याखाली, आणि फीत उष्णतेने सर्वांत लवकर मरते. मामाकडचा जुना डेक चालू आहे, पट्टा तेवढा वितळलाय. नवा पट्टा मागवला आहे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून, मग 24 बिट, 48 किलोहर्ट्झला घ्यावे. तासाला साधारण एक जीबी जागा लागेल. आवाज ‘साफ’ करण्याची सॉफ्टवेअरे मूळ प्रतीवर चालवू नयेत, वेगळी प्रत करून चालवावीत. भाच्याने पुढच्या रविवारी येताना ट्रंकेतल्या कॅसेट कापडी पिशवीत आणाव्यात, गाडीच्या डिकीत टाकून उन्हात ठेवू नयेत, आणि चौकटीसाठी कापूस किती लागेल ते गादीवाल्याला विचारून यावे. ताईस नमस्कार सांगावा.

कळावे,
मामा