खूण शोधत बसू नका

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडची घरं रिकामी होतात. बाया सकाळीच स्वयंपाक उरकून पऱ्हे उपटायला जातात, दिवसभर चिखलात वाकतात आणि रात्री जेवण झालं की जमिनीवर चटई टाकून आडव्या होतात. शेजारी लेकरं. कोपऱ्यात सरपण, धानाची पोती, पोत्यांपाशी उंदीर. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावात मी अंगणवाडी सेविका आहे. पावसाळ्यात मला वाघाची धास्ती कमी वाटते आणि या कोपऱ्याची जास्त.

माझ्या अंगणवाडीतली चार वर्षांची पोरगी अशीच आजीजवळ झोपली होती. पहाटे पोट धरून उठली, उलटी झाली. काल खाल्लेली रानभाजी बाधली असेल म्हणून आजीने ओवा दिला. तो तिला गिळवेना. मग तिचे डोळे मिटू लागले. झोप पुरी झाली नाही, झोपू दे, असं सगळे म्हणाले. पण हाक मारली की ती हनुवटी वर उचलून, कपाळाला आठ्या घालून बघायची. पापण्या वर जातच नव्हत्या.

साप असेल अशी शंका कुणीतरी काढली. अंगभर पाहिलं तर दाताची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. “साप चावला असता तं पोरगी बोंबलली नसती का?” मामाने विचारलं. प्रश्न रास्त होता. कुणी कडुलिंबाचा पाला आणला. पाला कडू लागला तर विष नाही, अशी आमच्याकडची जुनी परीक्षा. कुणी पुजाऱ्याला बोलवायला निघालं. आमच्या आशाताईने मात्र पापण्या पाहिल्या आणि तडक 108 ला फोन लावला. गाडी येईपर्यंत थांबायचंही नाही म्हणाली. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये पोरीला धरून बसवलं, डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका गाठली. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सापाबद्दल विचारलं, पण सापासाठी अडून बसले नाहीत. लक्षणं पाहून सापाच्या विषावरची लस सुरू केली आणि श्वासाला आधार लागेल म्हणून पुढे पाठवलं. पोरगी वाचली.

हा साप म्हणजे मण्यार. तो रात्री फिरतो. त्याचे दात इतके बारीक की खूण बहुधा दिसत नाही, दुखतही फारसं नाही, सूज येत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस काही तासांनी पोटदुखीने जागा होतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं लेकरू पहाटे पोटदुखी-उलटीने उठलं आणि पापण्या उतरल्या, तर अंगावर खूण शोधण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते आणि सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळते. लहान लेकरू आहे, औषध कमी द्या, असा हट्ट धरू नका. साप लेकराला काही कमी विष टोचत नाही, त्यामुळे मात्राही मोठ्यांइतकीच लागते. सुरुवात साधारण 10 कुप्यांनी होते.

दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. वाळे, कडं, काळा दोरा काढून ठेवा. लेकराला चालवू नका. गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा नको; एका कुशीवर निजवा. पुजाऱ्याशी मी भांडत नाही, गावात त्याचा मान आहे. आमच्याकडे ठरलं ते इतकंच, की आधी गाडी निघेल, पूजा मागाहून. 2024 च्या सप्टेंबरात अहेरी तालुक्यात ताप आलेली दोन भावंडं आधी पुजाऱ्याकडे नेली गेली. दोघंही दगावली आणि आईबापांनी त्यांना खांद्यावर घेऊन चिखलातून गाव गाठलं. त्या आईबापांना बोल लावणाऱ्यांनी तो रस्ता एकदा चालून पाहावा.

हिवतापासाठी मिळालेली औषधी मच्छरदाणी पेटीत ठेवू नका, तिने मासेही धरू नका. बाज असेल तर लेकराला बाजेवर निजवा, नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डास अडतो, मण्यारही अडतो. सरपण आणि धान झोपायच्या खोलीत नको. एकच खोली असेल तर निदान अंथरूण पोत्यांपासून लांब घाला.

तान्ह्या बाळाचंही असंच, धोक्याची खूण ठळक दिसत नाही. मोठ्याला आजार झाला की ताप चढतो. नवजात बाळ कधीकधी उलट गार पडतं, दूध ओढायचं सोडतं, मलूल होतं. शांत निजलंय म्हणून घरचे खूश असतात. बाळाला दूध पाजायचा प्रयत्न करून पाहा, पोटाला आणि तळपायाला हात लावा. मिनिटभर श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले किंवा छाती आत ओढली जात असेल, तर दवाखाना. हे शिक्षण मुंबई-दिल्लीहून आलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्याच खेड्यांतल्या बायांना आरोग्यदूत बनवून घरच्या घरी नवजात बाळ जपायला शिकवलं. त्याचा शोधनिबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे देशभरच्या आशा तेच शिकल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. सासूबाई, तिला दारातून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा, वजन करू द्या.



रोवणीआधी आम्ही अंगणवाडीच्या भिंतीवर नावं लिहितो: मोटरसायकल कुणाकडे, ट्रॅक्टर कुणाकडे, नाला भरला तर पलीकडच्या गावात फोन कुणाला. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला पूर यायच्या आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात पाठवायचं, तिचंही नाव तिथेच. यादीत पहिलं नाव सरपंचाचं हवं, अशी थोडी कुरबुर झाली होती. ज्याची गाडी रात्री पहिल्या किकला सुरू होते, त्याचं लिहिलं.