लिनक्सवर शास्त्रीय सॉफ्टवेअर बसविताना मदत कशी मागावी?

धंद्यात हिशेब दोन प्रकारचे असतात, एक पैशाचा आणि दुसरा मापाचा. पैशाचा हिशेब आपले व्यापारी बंधू काटेकोर ठेवतात. मापाचा हिशेब मात्र पुष्कळ कारखान्यांत अजून अंदाजावर चालतो. शंकूच्या आकाराचे नरसाळे करावयाचे तर पत्रा कोणत्या मापाने कापावा, स्प्रिंगला तार किती जाड घ्यावी, हे उस्तादाच्या हाताला ठाऊक असते. पण नवी ऑर्डर, नवे माप आले की माल वाया जातो.

अशा गणितासाठी ऑक्टेव्ह नावाचे सॉफ्टवेअर उपयोगी आहे. जॉन ईटन यांनी १९९२ साली त्याचे काम पूर्णवेळ हाती घेतले व १९९४ साली त्याची १.० ही आवृत्ती निघाली. झटपट आडाखे बांधण्यात वाकबगार असलेल्या ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील या आपल्या प्राध्यापकांचे नाव त्यांनी त्यास दिले. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवितात ते मॅटलॅब महाग आहे. ऑक्टेव्हची भाषा बहुतांशी तशीच असून ते फुकट मिळते, आणि ज्या लिनक्सवर ते चालते तेही फुकटच.

उबुंटू या प्रकारच्या लिनक्सवर ते बसविण्यास दोनच आज्ञा लागतात. टर्मिनल उघडून प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ व नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑक्टेव्ह’ असे इंग्रजी अक्षरांत टाईप करावे. पहिल्या आज्ञेने सॉफ्टवेअरची यादी ताजी होते, दुसरीने माल उतरतो. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काहीच उमटले नाही, तरी घाबरू नये.

काम येथेच झाले तर उत्तम. अडले तर मदत मागावी लागते, आणि बहुतेकांची चूक तेथे होते. ‘ऑक्टेव्ह बसत नाही, काय करू?’ एवढेच विचारले तर जाणकार काय सांगणार? ‘गाडी चालत नाही’ एवढे ऐकून कोणताही मेकॅनिक इंजिन खोलत नाही.

एक उदाहरण पाहा. पडद्यावर ‘लॉक’ शब्द असलेला संदेश येतो. त्याच्या शेवटी ‘पर्मिशन डिनाइड’ असेल तर आपण ‘सुडो’ लिहावयास विसरलो, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘हेल्ड बाय प्रोसेस’ व पुढे आकडा असेल, तर दुसरे एखादे अपडेट आतून चालू आहे. ते संपेपर्यंत थांबावे, लॉकची फाईल पुसू नये. सुरुवात सारखी, इलाज निराळे. ज्याने ‘लॉक आले’ एवढेच सांगितले, त्याला चुकीचे औषध मिळण्याचा संभव आहे.

तसेच ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ असे आले तर नावाचे स्पेलिंग तपासावे, यादी ताजी केली का ते पाहावे, आणि उबुंटूचा ‘युनिव्हर्स’ हा विभाग चालू आहे का ते बघावे. ऑक्टेव्ह त्याच विभागात असते. यादी ताजी करतानाच ‘४०४ नॉट फाऊंड’ येत असेल तर उबुंटूची आवृत्ती मुदत संपलेली असू शकते. मदत मागताना आवृत्तीचा आकडा सांगावयाचा तो यासाठीच.

मदत मागताना पुढील पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात :

१) लिनक्सचा प्रकार व आवृत्ती. ‘एलएसबी अंडरस्कोर रिलीज, जागा, डॅश ए’ या आज्ञेने ती कळते.
२) आपण टाईप केलेली आज्ञा, अक्षरशः.
३) आलेला संदेश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मोबाईलने फोटो काढण्यापेक्षा मजकूर कॉपी करून पाठविणे बरे.
४) आतापर्यंत कोणते उपाय केले.
५) सॉफ्टवेअर कोणत्या कामासाठी हवे आहे.

पाचवी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आहे महत्त्वाची. ऑक्टेव्हचे काही विशेष भाग वेगळे बसवावे लागतात. सांख्यिकीसाठी एक, सिग्नलच्या कामासाठी दुसरा. बसविल्यावरही दरवेळी ‘पीकेजी लोड’ म्हणून तो भाग उघडावा लागतो. ऑक्टेव्ह सुरू होते, पण एखादे काम ‘अनडिफाइंड’ म्हणून नाकारते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आता सावधगिरीची गोष्ट. दुकानाचा जमाखर्च, उधारीची यादी व गिऱ्हाइकांची मापे त्याच संगणकावर असतील, तर कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी त्यांची नक्कल पेन ड्राईव्हवर काढून तो वेगळा ठेवावा. ‘सुडो’ म्हणजे तिजोरीची किल्ली. कोणी सांगितलेली आज्ञा ‘सुडो’ने चालविण्यापूर्वी तिने काय होणार ते विचारून घ्यावे. ‘आरएम’ व त्यापुढे ‘डॅश आरएफ’ असेल तर हात आवरावा. ही आज्ञा न विचारता फाईली पुसते, आणि त्या कचरापेटीतही सापडत नाहीत. वर्षाची उधारी अशा एका ओळीने जाऊ शकते.

ज्यांना मुळापासून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ तयार केले आहेत. त्यांतील बरेच मराठीतून ऐकता येतात. घरातील डिप्लोमाला जाणाऱ्या मुला-मुलीला सोबत बसवावे. आज्ञा त्यांनी टाईप कराव्यात, माप आपण सांगावे.

काम झाल्यावर ज्याने मदत केली त्याला कोणता उपाय लागू पडला ते अवश्य कळवावे, आणि आपल्या वहीतही तारखेसह टिपून ठेवावे. हीच अडचण उद्या शेजारच्या दुकानदाराला आली, तर ते पान त्याच्या उपयोगी पडेल.