अर्ज कोणाच्या दारी?

अंधारी गल्ली आणि क्वचितच फिरकणारी पोलिसांची गस्त, या दोन तक्रारी रहिवाशांच्या तोंडी एकत्र येतात. परंतु त्यांचे निवारण करणारी कार्यालये वेगळी असतात. उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ हे याचे एक उदाहरण होय.

लखनौ महानगरपालिकेचे ११० प्रभाग आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यावरील दिव्यांचा उल्लेख नागरी संस्थांच्या कामांत आहे. पोलीस हा विषय मात्र राज्यसूचीतील आहे. लखनौत जानेवारी २०२० पासून पोलीस आयुक्तालय असून तेही राज्य शासनाच्याच अखत्यारीत येते. म्हणून दिव्यांचा अर्ज महानगरपालिकेकडे आणि गस्तीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा. नगरसेवकाने पाठपुरावा केल्यास बळ मिळते. पण गस्तीचा आदेश त्याच्या हाती नसतो.

‘भीती वाटते’ एवढेच लिहिल्यास अर्ज फाइलीत पडून राहतो. ‘वळणावरचे तीन दिवे बंद असल्याने शिकवणीहून परतणाऱ्या मुली रात्री वाट बदलतात’ असे लिहिल्यास काय करावयाचे ते अधिकाऱ्याला कळते. अर्जावर रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात व पोच जपून ठेवावी. संकट समोर असताना मात्र अर्ज नव्हे, ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

कृती : आपल्या वस्तीतील अशा एका अडचणीविषयी योग्य कार्यालयास अर्ज लिहा.