दंड फिटतो, नोंद राहते : चालक-परवान्यावरील शेऱ्याची मुदत

नियम मोडल्याबद्दल पोलिसाने हटकले, पावती फाडली, पैसे भरले आणि प्रकरण मिटले, अशी सर्वसाधारण वाहनचालकाची समजूत असते. गावातील मोटारसायकलस्वारापासून वर्षानुवर्षे मालमोटार चालविणाऱ्या अनुभवी चालकापर्यंत ती सर्वत्र आढळते. वास्तविक दंड हा अपराधाच्या परिणामांचा केवळ एक भाग होय. पैसे भरल्यानंतरही अपराधाची नोंद राहते, आणि पुढील अपराधाच्या वेळी तीच नोंद चालकाविरुद्ध उभी राहते. ज्यांचा संसार परवान्यावर चालतो, त्यांना तरी ही नोंद किती काळ टिकते व केव्हा पुसली जाते, याची माहिती दंडाच्या रकमेपेक्षा अधिक मोलाची ठरावी.

याविषयीचा मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून देशभर अंमलात आला. २०१९ साली त्यात व्यापक दुरुस्ती झाली. दंडाच्या रकमा वाढल्या हे बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु नोंदीसंबंधीच्या तरतुदीही कडक झाल्या, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

तडजोड शुल्काचा खरा अर्थ

न्यायालयात न जाता जागेवर किंवा नंतर जी रक्कम भरली जाते, तिला तडजोड शुल्क म्हणतात. अधिनियमाच्या कलम २०० अन्वये ते घेतले जाते व त्या अपराधाचा खटला तेथेच थांबतो. तथापि २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला दोन महत्त्वाच्या अटी जोडल्या. पहिली, शुल्क भरून मिटविलेला अपराधसुद्धा पूर्वीचा अपराध म्हणून धरला जाईल. दुसरी, शुल्क भरल्यामुळे परवाना निलंबित किंवा रद्द करण्याच्या कारवाईतून चालकाची सुटका होणार नाही.

समजा, बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्यात भाजीपाला पोहोचविणारा एखादा टेम्पोचालक अतिवेगाबद्दल पकडला गेला. हलक्या वाहनासाठी कलम १८३ मध्ये एक ते दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. त्याने रक्कम भरली व तो विसरूनही गेला. काही महिन्यांनी तो पुन्हा तशाच अपराधात सापडला, तर कायद्याच्या दृष्टीने हा त्याचा दुसरा अपराध होय. परवाना कर्नाटकातील आणि अपराध गोव्यातील, ही सबब चालत नाही. परवाना संपूर्ण देशात चालतो, तशी त्यावरील कारवाईही राज्याच्या सीमेवर थांबत नाही. परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूदही याच दुरुस्तीने केली आहे.

मागील अपराध किती वर्षांपर्यंत मोजावयाचा, याबाबत सर्व कलमे सारखी नाहीत. धोकादायक रीतीने वाहन चालविण्यासंबंधीच्या कलम १८४ मध्ये तीन वर्षांची मुदत घातलेली आहे. त्या मुदतीत तसाच अपराध पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लाल दिवा ओलांडणे आणि वाहन चालविताना हातात दूरध्वनी धरून बोलणे यांचाही समावेश याच कलमात होतो. अतिवेगाच्या कलमात मात्र अशी वर्षांची मर्यादा घातलेली नाही.

परवान्याचे निलंबन

अतिवेग, धोकादायक चालन, मद्यपान करून चालन, रस्त्यावर शर्यत लावणे, दुचाकीवर तिघांनी बसणे, शिरस्त्राण न घालणे, रुग्णवाहिकेस वाट न देणे अशा अपराधांत पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवितो. पहिल्या अपराधाबद्दल तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या अपराधाबद्दल परवानाच रद्द, असा अधिकार दुरुस्तीने प्राधिकाऱ्यास दिला आहे. मद्यपानाच्या अपराधात न्यायालयाने दोषी ठरविल्यास किमान सहा महिन्यांची अपात्रता ओढवते.

येथे चालकाचे हक्कही ध्यानात ठेवावयास हवेत. आदेश देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणणे पटल्यास त्याला मुक्त करता येते आणि अपात्र ठरवावयाचे झाल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करता येते. नोटीस आली की घाबरून ती पेटीत ठेवून देणारे चालक हा हक्क स्वतःच गमावून बसतात.

अपात्रतेच्या काळात चोरून वाहन चालविणे हा मूळ अपराधाहून मोठा अविवेक होय. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या काळात अपघात झाला, तर चालक अपात्र होता हा बचाव विमा कंपनीला कायद्याने उपलब्ध आहे. नुकसानभरपाईचा बोजा मग वाहनमालकावर येऊ शकतो. म्हणून चालक कामावर ठेवताना त्याच्या परवान्याची सद्यःस्थिती तपासणे मालकाच्याही हिताचे आहे.

शेरा आणि त्याची मुदत

अपात्रतेचा आदेश देणारे न्यायालय किंवा प्राधिकारी त्याचा तपशील परवान्यावर नोंदवितात. यालाच परवान्यावर शेरा मारणे म्हणतात. तीन महिन्यांहून अधिक कारावासाची शिक्षा झाल्यास तिचीही नोंद न्यायालय करते. साध्या दंडाच्या प्रत्येक पावतीमुळे शेरा बसत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

परवाना हरवल्याचे सांगून दुसरी प्रत काढली म्हणजे शेरा नाहीसा होतो, असा काहींचा समज आहे. कलम २५ प्रमाणे शेरा नव्या किंवा दुय्यम परवान्यावर जसाच्या तसा उतरविला जातो. पूर्वीचा शेरा लपवून परवाना मिळविल्यास तो निष्प्रभ ठरतो आणि शिक्षा होते ती वेगळीच.

मात्र याच कलमात चुकलेल्या चालकाला सावरण्याची वाटही ठेवली आहे. शेरा बसल्यानंतर सलग तीन वर्षे दुसरा शेरा बसला नाही, तर जुना परवाना परत करून व विहित शुल्क भरून शेरामुक्त परवाना मागण्याचा हक्क चालकाला प्राप्त होतो. शेरा केवळ वेगमर्यादेच्या उल्लंघनाचा असेल, तर ही मुदत एकच वर्षाची आहे. मात्र अपात्रतेचा काळ या मुदतीत धरला जात नाही.

उदाहरणाने हा हिशेब उमजेल. मद्यपानाच्या अपराधाबद्दल १ जानेवारी २०२५ रोजी शेरा बसला व त्याच दिवसापासून सहा महिन्यांची अपात्रता सुरू झाली, असे धरू. अपात्रता ३० जून २०२५ रोजी संपली. तीन वर्षांची मोजणी १ जुलै २०२५ पासून होईल आणि ती ३० जून २०२८ रोजी पूर्ण होईल. त्याच १ जानेवारीस केवळ अतिवेगाचा शेरा तीन महिन्यांच्या अपात्रतेसह बसला असता, तर एक वर्षाची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी पूर्ण झाली असती. मध्येच दुसरा शेरा बसला, तर मात्र सलगता तुटते व मोजणी नव्याने सुरू करावी लागते. मुदत संपली तरी हा हक्क बजावण्यासाठी चालकाने स्वतः मागणी केली पाहिजे, हेही विसरू नये.

दंडगुणांची पद्धत

नोंदीचा हाच विचार आकड्यांत मांडणारी पद्धत म्हणजे दंडगुण. तेलंगणा राज्याने १ ऑगस्ट २०१७ पासून ती सुरू केली, तेव्हा हैदराबादेतील वाहनचालकांत तिची बरीच चर्चा झाली. अपराधाच्या गांभीर्याप्रमाणे चालकाच्या नावावर गुण मांडावयाचे आणि २४ महिन्यांत १२ गुण जमले की परवाना एक वर्षासाठी निलंबित करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. एका मोठ्या चुकीबरोबरच लहान लहान चुकांची सवयही तितकीच घातक असते, हे तत्त्व तिच्यामागे आहे.

अल्पवयीन चालक

नोंदीचा सर्वांत दीर्घ परिणाम मात्र ज्यांना अद्याप परवानाच मिळालेला नाही, त्यांना भोगावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून अपराध केल्यास त्याला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही, अशी तरतूद कलम १९९क मध्ये आहे. पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. वाहन आपल्या नकळत नेले गेले किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. सोळाव्या वर्षी हौसेने हाती घेतलेली मोटारसायकल त्या मुलाच्या नोकरीची उमेदीची वर्षे हिरावून घेऊ शकते. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात व पालकसभेत आवर्जून सांगावी.

कायद्याचा हेतू चालकाला जन्माचा अपराधी ठरविण्याचा नाही. तसे असते तर शेरा पुसण्याची तरतूदच केली गेली नसती. चुकलेल्याने काही काळ सावधपणे वाहन चालवून आपली पत पुन्हा सिद्ध करावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ग्रामपंचायतींनी फलकावर, शिक्षकांनी शाळेत आणि परिवहन कार्यालयांनी खिडकीपाशी ही माहिती सोप्या भाषेत लावल्यास अनेक कुटुंबांची रोजीरोटी वाचेल. पावती हातात पडली की ती खिशात घालून विसरू नये. तीवरील तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढला प्रवास त्या तारखेची आठवण ठेवून करावा.