कपाळ पुढे, हिशेब मागे

केस लावून घ्यायचे आहेत, कुठे जाऊ, असं ओळखीपाळखीतली मुलं मला विचारतात. माझं कपाळ पूर्वी कुठवर पोचलं होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. मी त्यांना आधी माझ्याकडे पाठ करून बसायला सांगतो. त्यांना ते विचित्र वाटतं, कारण त्यांचं सगळं दुःख पुढे, आरशात दिसणारं. पण या शस्त्रक्रियेचा सगळा माल मागे असतो, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जाणाऱ्या आडव्या पट्ट्यात. आनुवंशिक टकलातही तिथले केस सहसा टिकतात, आणि उचलून कपाळावर लावले तरी आपला गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं. आजचा सगळा व्यवसाय त्याच एका गोष्टीवर उभा आहे. भाताची रोपं वाफ्यातून उपटून खाचरात लावावीत तसा हा प्रकार, फक्त इथल्या वाफ्यात पुन्हा पेरणी होत नाही. जिथून मूळ काढलं तिथे ते परत येत नाही. साधारणपणे एका माणसाच्या डोक्यामागून उभ्या आयुष्यात चार ते सहा हजार ग्राफ्ट, म्हणजे केसांच्या मुळांचे पुंजके, सुखरूप निघतात. काहींचे त्याहून कमी.

मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती आमच्या सलूनवाल्याने. ‘सर, पुढं आता माझं काम उरलं नाही, पण मागं रान आहे. त्याची वाट लावून घेऊ नका,’ तो म्हणाला. घाईत काम करून आलेली, मागून कसर लागल्यासारखी विरळ झालेली डोकी त्याच्या खुर्चीत येत असतात. ती झाकायला केस कसे कापायचे हा त्याचा रोजचा प्रश्न.

पुढे जाहिरात बघून मी एका क्लिनिकमध्ये गेलो. गुळगुळीत फरशी, भिंतीवर ‘आधी-नंतर’चे फोटो, आणि समोर टाय लावलेला काउन्सेलर. त्याने मार्कर काढला आणि माझ्या कपाळावर एक रेघ ओढली, भुवयांपासून जेमतेम तीन बोटं वर. कॉलेजातसुद्धा माझे केस इतके खाली नव्हते. ‘पाच हजार केस बसवू सर, आज बुकिंग केलं तर ऑफर आहे, बिनव्याजी हप्ते आहेत.’ डोक्याची मागची बाजू त्याने पाहिलीच नाही. थायरॉइड, मधुमेह, चालू गोळ्या, घरात कुणाला टक्कल, यातलं काहीही विचारलं नाही. शस्त्रक्रिया कोण करणार म्हटल्यावर ‘आमची टीम’ आणि डॉक्टर कधी भेटतील म्हटल्यावर ‘त्याच दिवशी’. मी ओला रुमाल मागून रेघ पुसली आणि घरी आलो.

त्या बोलण्यातली एक मेख लक्षात ठेवा. तो ‘केस’ म्हणत होता. शस्त्रक्रियेत मोजतात ते ग्राफ्ट, आणि एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. पाच हजार केस म्हणजे अडीच हजार ग्राफ्ट. दोन ठिकाणचे दर ताडून बघताना हा घोळ हमखास होतो. आणखी एक, केसरोपणावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. जाहिरातीतल्या आकड्यात हा कर धरलाय का, ते आधी विचारावं.

नंतर मी एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाने आधी मागची, मग पुढची टाळू पाहिली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, ‘शस्त्रक्रियेचं नंतर बघू. आधी गळती थांबते का पाहू.’ मी हिरमुसलो. आता वाटतं, जो डॉक्टर पहिल्या भेटीत नाही म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जावं.

गळतीचं निदान आधी व्हावं लागतं, कारण गळणारे सगळे केस एकाच कारणाने गळत नाहीत. डेंगी किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेकदा आपणहून परत येतात. चाई पडते तो रोग वेगळा. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याची गोष्ट आठवत असेल; २०२५ च्या सुरुवातीला काही गावांत बायामाणसांना थोड्याच दिवसांत टक्कल पडलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, आणि पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवले. अशा माणसाला कुणी घाईने टेबलावर घेतलं असतं तर? शिवाय काही जणांचे मागचेही केस हळूहळू बारीक होत असतात. त्यांचे केस पुढे लावले तर ते तिथेही गळणार. त्यांनी या वाटेला जाऊच नये.

माझं टक्कल घराण्यातलंच निघालं. डीएचटी नावाचं संप्रेरक पुढच्या मुळांना बारीक करत नेतं. त्यावर फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी आणि लावायचं मिनॉक्सिडिल, हा उपचार. गोळीने थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, मन उदास राहणं असे त्रास होतात. होत असतील तर लाज न धरता डॉक्टरांना सांगावेत. चाळिशी-पन्नाशीच्या लोकांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं जरूर सांगावं, कारण तिच्यामुळे आकडा सुमारे निम्म्यावर येतो आणि फसवतो. घरात गरोदर बाई असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नये.

ही औषधं शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवावी लागतात. हे कळलं की मुलांचे चेहरे पडतात. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे जुने केस आपल्या गतीने जातच राहतात. चोविसाव्या वर्षी कुणी पुढची रेघ दाट करून घेतली आणि औषध सोडलं, तर पस्तिशीत कपाळावर केसांचं बेट आणि मागे मोकळं मैदान. तोवर मागचा साठा संपलेला. म्हणून पंचविशीच्या आतल्या मुलाला मी सरळ थांबायला सांगतो. लग्न जमत नाही म्हणून आईच गळ घालत असेल, तर आईलाही समजावतो.

डॉक्टर निवडताना नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की केसरोपण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञांसारख्यांनी. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही. हे सांगावं लागलं यातच सगळं आलं. मुंबईत मार्च २०१९ मध्ये एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याचा केसरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस लावल्याचं आणि तीव्र ॲलर्जीचा संशय असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. २०२५ मध्ये कानपूरला एका इंजिनिअरच्या मृत्यूनंतर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. असं क्वचितच होतं. पण भूल टोचायची, दिवसभर रक्त निघायचं, म्हणजे ही शस्त्रक्रियाच आहे. तिथे ऑक्सिजन आहे का, ॲलर्जी उसळली तर द्यायची इंजेक्शनं आहेत का, छिद्रं स्वतः डॉक्टर पाडणार की नाही, हे विचारलं म्हणून जो चिडतो त्याच्याकडे डोकं देऊ नये.

माझी शस्त्रक्रिया पुढे त्याच मॅडमकडे झाली. त्या प्रत्यक्ष दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भुलेची इंजेक्शनं खरी दुखतात, त्यानंतर काही कळत नाही. आधी पालथं झोपवून मिलिमीटरभर रुंदीच्या पोकळ सुईने मागची मुळं एकेक करून काढतात, मध्ये जेवायला सोडतात, मग उताणं करून पुढे छिद्रं पाडतात. तेव्हा करकर असा आवाज डोक्याच्या आतूनच ऐकू येतो. दुखत नाही, पण नकोसा वाटतो. माझे दोन हजारांच्या आसपास ग्राफ्ट झाले. एक केसाचे किती, दोन केसांचे किती, असा कागद मॅडमनी हातात दिला. तो मागून घ्या.

खरा त्रास घरी आल्यावर, आणि त्याची सुरुवात वेदनेने झालीच नाही. माझं सगळं डोकं भादरलेलं होतं. आई दारातच थबकली. वडील घरात बसलेले आणि मुलगा डोकं करून आलेला, हे तिला बघवेना. शेजारच्या काकांनी जिन्यात हलक्या आवाजात विचारलं, ‘घरी काही झालं का?’ माझ्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे दोन दिवस माझ्याशी सांत्वनाच्या सुरात बोलत होते. आपल्याकडे भादरलेल्या डोक्याचा एकच अर्थ लागतो, तेव्हा काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी खरं सांगून टाकलं. त्यावर जो हशा पिकला तो सांत्वनापेक्षा बरा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं आणि सूज उतरत उतरत पापण्यांवर आली. ही कपाळातच टोचलेल्या पाण्याची आणि भुलेची सूज असते, चार-पाच दिवसांत ओसरते. पण बायको घाबरली, ‘अहो, डोळे उघडतायत ना नीट?’ पहिले काही दिवस पाठ उंच ठेवून झोपायचं असतं. मी हॉलमधल्या आरामखुर्चीत, मानेला प्रवासातली उशी लावून झोपलो. लावलेली मुळं साधारण दहा दिवसांत घट्ट धरतात. तोवर दर थोड्या वेळाने सलाइनचा फवारा, मग सांगितलेल्या दिवसापासून सौम्य शाम्पू मगाने हळूच ओतून धुणं. शॉवरची धार नको, नख नको, टॉवेलने पुसणं नको. खपल्या आपणहून सुटतात. खाज प्रचंड येते, विशेषतः मागे, आणि हात आपोआप वर जातो. रात्री हातमोजे घालून झोपलात तरी लाजू नका.

घरचे उपाय हे एक वेगळंच संकट. आई माक्याचं तेल घेऊन आली, मावशीने फोनवर हळदीचा लेप सुचवला. ताज्या जखमांवर यातलं काहीही नको. सिगारेट आणि दारू बंद, कारण तंबाखूने रक्तपुरवठा आखडतो. हेल्मेट घासेल म्हणून पहिले दिवस दुचाकीच नको. हेल्मेटशिवाय चालवण्याचा विचार तर मुळीच नको, बसने जा. जिम, पोहणं, कडक ऊन डॉक्टर सांगतील तोवर टाळा. मी दिवाळीची सुट्टी निवडली ती यासाठीच. गणपतीच्या आधी करून मिरवणुकीत गुलाल डोक्यावर घेतलेले लोक मला माहीत आहेत.

आणि मग, दोन-तीन आठवड्यांनी, लावलेले केस गळतात. सगळ्यांना आधी सांगितलेलं असतं, तरी उशीवर केस दिसले की पोटात गोळा येतो. गळतो तो केस, मूळ आत शाबूत असतं. काही वेळा धक्क्याने आजूबाजूचे जुने केसही जातात आणि माणूस आधीपेक्षा विरळ दिसू लागतो. नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावतात, आधी बारीक, वेडेवाकडे; मधूनच पुटकुळ्या येतात. बधिरपणा महिनोन् महिने रेंगाळतो. सहाव्या महिन्यात लोकांच्या लक्षात येतं, पूर्ण रूप यायला वर्ष लागतं.

म्हणून लग्नाची तारीख ठरल्यावर धावाधाव करणाऱ्यांना मी महिने मोजून दाखवतो. लग्नाच्या तीन महिने आधी केलेल्या केसरोपणाचं फळ म्हणजे आयुष्यातले सगळ्यात वाईट फोटो. करायचं तर वर्षभर आधी, नाहीतर टोपी-फेट्याखाली खुशाल लग्न लावून घ्यावं आणि मग शांतपणे बघावं.

मला दुसऱ्या बैठकीबद्दलही विचारतात, कारण माझा मागचा भोवरा अजून उघडाच आहे. तो मी जाणूनबुजून सोडलाय. भोवऱ्यावर केस चक्राकार फिरतात, तेवढ्याच जागेला ग्राफ्ट जास्त लागतात, निकाल यायला कधी दीड वर्ष लागतं, आणि तिथलं टक्कल अजून पसरायचं थांबलेलं नाही. मॅडमच्या अंदाजाने माझे दोन-अडीच हजार ग्राफ्ट शिल्लक आहेत. पुढची रेघ पन्नाशीत विरळ झाली तर ते लागतील. गोळी चालू आहे, दर सहा महिन्यांनी त्या फोटो काढतात, आणि सलूनवाला मागून आरसा धरतो तेव्हा भोवरा किती वाढला तेही सांगतो.